रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणे खरे!

वैद्यकीच्या धंद्यात आनंदाची बातमी सांगण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. त्यामुळे एखाद्याचे सगळे रिपोर्ट चांगले आले, की डॉक्टरचा चेहरा खुलतो. "काही नाही हो तुम्हांला! सगळं नॉर्मल आहे," असे तो मोठ्या उत्साहाने सांगतो आणि समोरच्या खुर्चीवरच्या माणसाचा चेहरा मात्र पडतो. नवख्या डॉक्टरला याचे नवल वाटते. मनातून थोडा रागही येतो. कॅन्सर नाही, हृदयविकार नाही, मेंदूत गाठ नाही, हे ऐकून ज्याला आनंद होत नाही, तो माणूस आहे तरी कसा?

तो माणूस तुमच्या-आमच्यासारखाच आहे. त्याचे पोट काल दुखत होते, आज दुखते आहे आणि हातात चांगला रिपोर्ट पडला म्हणून ते उद्या दुखायचे थांबणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. शिवाय घरी जाऊन सांगायचे काय? काही निघाले असते तर लोकांनी हळहळ तरी केली असती, कोणी मोसंबी घेऊन भेटायला आले असते. ‘काही निघाले नाही’ म्हटल्यावर मंडळी ज्या नजरेने बघतात, ती नजर त्या दुखण्याहून जास्त बोचते.

ठाण्याच्या एका जुन्या वस्तीत मी गेली अठ्ठावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवतो. असे रुग्ण मी दारातूनच ओळखतो. त्यांच्या हातात पिशवी असते, बहुधा साडीच्या दुकानाची, बळकट बंदांची. तिच्यात रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एम.आर.आय.च्या मोठाल्या काळ्या फिल्म आणि सात-आठ डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. पिशवी जितकी जड, तितके निदान हलके, असा माझा अनुभव आहे.

हे रुग्ण म्हणजे कोणी चमत्कारिक मूठभर लोक असावेत, असे वाटेल. तसे नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी एक हजार रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, पोटदुखी, झोप न येणे अशा चौदा नेहमीच्या तक्रारी त्यांनी निवडल्या. त्या तीन वर्षांत अशा ५६७ नव्या तक्रारी निघाल्या आणि त्यांपैकी शंभरांत अवघ्या सोळांना शारीरिक कारण सापडले. बाकीच्या चौऱ्याऐंशी तक्रारी करणारे सगळे ढोंगी होते काय? इतके ढोंगी एका गावात जमले, तर तिथे नाटक कंपनीच काढायला हवी.

मग हे दुखणे असते तरी कुठे? आमच्या सोसायटीत एक मोटार आहे. मांजराने तिच्या टपावर उडी मारली, तरी तिचा भोंगा सुरू होतो. मोटार चोरीला गेलेली नसते. इंजिन ठणठणीत असते. गॅरेजवाल्याने ती सगळी उकलून पाहिली, तरी त्याला मोडके काही सापडायचे नाही. पण भोंगा खोटा होता, असे रात्री दोन वाजता झोपमोड झालेल्या शेजाऱ्याला सांगून पाहा! शरीरातही असा भोंगा आहे. वेदना हा धोक्याचा इशारा आहे आणि तो द्यायचा की नाही, हे शेवटी मेंदू ठरवतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो, हे शल्यवैद्यांना शतकानुशतके माहीत आहे. उलट बाजूने पाहा. ज्यांचे पोट वारंवार दुखते आणि आतड्यात दोष मात्र दिसत नाही, अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्यात जेम्स रिची या डॉक्टरने १९७३ साली एक फुगा हळूहळू फुगवून पाहिला. इतरांपैकी बहुतेकांना ज्या ताणाने दुखले नाही, त्या ताणाने या रुग्णांपैकी पुष्कळांना कळा आल्या. आतडे धडधाकट होते, भोंगा मात्र हळवा झाला होता.

आपल्या भाषेने तर हे सारे केव्हाच ओळखले आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घशाला कोरड पडते, हातापायांतले त्राण जाते. त्या वेळी कोणी सोनोग्राफी केली, तर गोळा दिसणार नाही. पण तो आला नव्हता, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आपल्याकडे या दुखण्यांत पहिला मान ‘अशक्तपणा’ला आहे. "डॉक्टर, वीकनेस आहे," असे एखादी बाई म्हणाली, की डॉक्टरचा हात आपोआप लोहाच्या गोळ्यांकडे जातो, नाहीतर टॉनिकच्या बाटलीकडे. रुग्णाचा हट्ट असला तर सलाईनकडेही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. शंभरांत बारा स्त्रिया सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकलेल्या होत्या. त्यांचे रक्त तपासले, तर या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध लागेना. संबंध लागला तो गरिबीशी, नवऱ्याच्या जाचाशी, मनातल्या उदासीशी आणि काळजीशी. रक्त कमी असेल तर लोह दिलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जिच्या घरात रोज अपमान शिजतो, तिला बाटलीतून शक्ती कशी पोहोचायची?

इथे काही वाचक म्हणतील, "म्हणजे शेवटी मनाचंच!" थोडे थांबा. ‘मनाचं आहे’ म्हणून मोकळे होण्याची खोड वैद्यकशास्त्राला फार जुनी आहे आणि ती महागातही पडली आहे. ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून ‘हिस्टेरिया’ हे नाव आले आणि न कळणारे पुष्कळसे दुखणे स्त्रियांच्या नावावर जमा होत गेले. १९६५ साली लंडनच्या एलियट स्लेटर या मानसोपचारतज्ज्ञाने हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले ते शोधून काढले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना खराखुरा रोग असल्याचे निघाले. त्याने शिक्का मारणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली. एडिंबरोच्या डॉ. जॉन स्टोन यांच्या गटाने २००५ साली अशा सगळ्या पाहण्या एकत्र केल्या. १९५०च्या दशकात हे निदान शंभरांत एकोणतीस वेळा चुकत होते, साठच्या दशकात सतरा वेळा आणि १९७०नंतर चार वेळा. चार म्हणजे पुष्कळच सुधारणा झाली, पण चार म्हणजे शून्य नव्हे. पोटातल्या अल्सरचेच घ्या ना. काळजी आणि तिखट खाणे यांना वर्षानुवर्षे दोष दिला गेला. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरांच्या मुळाशी असलेला जंतू हुडकला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर किती भल्या माणसांना ‘तुम्ही फार काळजी करता’ हे ऐकावे लागले असेल!

तेव्हा डॉक्टरने ‘मला कारण सापडले नाही’ एवढेच म्हणावे. ‘कारणच नाही’ म्हणणे निराळे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या रोगांच्या यादीची पाचवी आवृत्ती काढली, तीत या प्रकारच्या विकारासाठी ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही अटच काढून टाकली. तपासणीत काय सापडले नाही यावर माणसाचे दुखणे ठरवू नये, ही गोष्ट ग्रंथांत शिरायला इतका काळ लागला.

कारण सापडत नसताना डॉक्टरने करायचे काय, या प्रश्नाला ज्याने जन्म वाहिला, तो मायकेल बालिंट हा बुडापेस्टच्या एका डॉक्टरचा मुलगा. युरोपवर युद्धाचे ढग आले, तेव्हा १९३९ साली तो इंग्लंडला आला. १९५०पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये तो साध्या गल्लीतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला एकत्र बसवी. व्याख्यान नाही, फळा नाही. प्रत्येकाने आपल्याला डोईजड झालेला रुग्ण मांडायचा आणि बाकीच्यांनी विचारायचे: तो रुग्ण आत आला की तुला काय वाटते? कंटाळा येतो? राग येतो? त्या बैठकांतून १९५७ साली त्याचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी, की दवाखान्यात सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टरच. मात्र या औषधाचा डोस किती, ते किती वेळाने द्यायचे आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, हे कुठल्याही औषधशास्त्राच्या ग्रंथात सापडत नाही.

हा नुसता गोड विचार नाही. के. बी. थॉमस या इंग्रज डॉक्टरने तो चक्क मोजून पाहिला. ज्यांना तक्रार होती पण तपासणीत काही सापडत नव्हते आणि नक्की निदानही होत नव्हते, असे दोनशे रुग्ण त्याने घेतले. निम्म्यांना ठामपणे निदान सांगितले आणि थोड्याच दिवसांत बरे वाटेल अशी खात्री दिली. उरलेल्यांना म्हणाला, की तुम्हांला काय झाले आहे हे मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही गटांत काहींना गोळी दिली, काहींना नाही. दोन आठवड्यांनी पाहिले, तो धीर दिलेल्यांपैकी शंभरांत चौसष्ट बरे झाले होते आणि दुसऱ्या गटातले एकोणचाळीस. गोळी घेतलेले त्रेपन्न, न घेतलेले पन्नास. १९८७ साली हे आकडे छापून आले. खोटे निदान ठोकून द्यावे, असा मी याचा अर्थ काढत नाही. थॉमसचे रुग्ण नव्या, किरकोळ दुखण्यांचे होते. वर्षानुवर्षांचे दुखणे एका ठाम वाक्याने जात नसते. तिथे धीर द्यायचा तर तो खऱ्या आणि समजेल अशा खुलाशातूनच द्यावा लागतो.

हे कसे, ते एका बाईंच्या गोष्टीवरून सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय एक्केचाळीस, फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अंथरुणातून उठताना सगळे घर गरगर फिरले, उलट्या झाल्या. कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. आठवड्याभरात ती उतरली. पण त्यानंतर होडीत उभे राहिल्यासारखे डुलणे जे सुरू झाले, ते थांबेना. फलाटावरची गर्दी समोरून आली की डुलणे वाढे. दुकानातल्या भरगच्च फळ्यांकडे पाहिले तरी वाढे. एम.आर.आय. स्वच्छ. कानाच्या तपासण्या स्वच्छ. कोणी मानेच्या मणक्यात गॅप सांगून पट्टा दिला. एका मोठ्या तज्ज्ञांनी फिल्मकडे बघत, बाईंकडे न बघता, "हे तुमच्या डोक्यात आहे," एवढे सांगितले. बिनपगारी रजा चार महिन्यांवर गेली होती. "स्वैपाकाच्या वेळी बरी चक्कर येते!" हा सासूबाईंचा शेरा होता. तो खुद्द त्यांनीच मला ऐकवला, कारण त्या सुनेबरोबर आल्या होत्या.

मी पिशवी बाजूला ठेवली आणि बाईंना सुरुवातीपासून सांगायला सांगितले. रुग्णाला अडवले नाही तर तो तासभर बोलेल, ही भीती डॉक्टरांच्या मनात फार खोल असते. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली हेही घड्याळ लावून पाहिले आहे. न अडवता बोलू दिलेले रुग्ण सरासरी ब्याण्णव सेकंदांत आपणहून थांबले. या बाई पाच मिनिटे बोलल्या. दोन वर्षांचे दुखणे होते, पाच मिनिटे काही जास्त नव्हेत. मग मी त्यांचे डोळे, कान, चालणे, उभ्याने रक्तदाब, सगळे पुन्हा तपासले. रिपोर्ट असले तरी हात लावून तपासावे. माणसाला आपण पाहिले गेलो, हे कळावे लागते.

नंतर त्यांना म्हणालो, "पावसाळ्यात शेवाळावरून एकदा घसरलेला माणूस पुढे कोरड्या फरशीवरूनही अंग आखडून चालतो. तुमच्या मेंदूचं तसं झालंय. त्या आठवड्यात कानानं त्याला फसवलं, म्हणून आता तो कानावर भरवसा ठेवत नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर टाकतो. समोर गर्दी हलली की त्याला वाटतं, आपणच हलतोय. कान बरा झालाय, पण मेंदूला अजून ते पटलेलं नाही."

"याला काही नाव आहे?" त्यांनी विचारले. नाव आहे. तोल आणि चक्कर यांच्या अभ्यासकांच्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली या विकाराच्या निदानाचे नियम ठरवून प्रसिद्ध केले. मी ते लांबलचक इंग्रजी नाव चिठ्ठीवर लिहून दिले. बाईंनी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि तेव्हा प्रथम त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाईंना काही सांगावे लागले नाही. त्या स्वतः मोरीत पडून मनगट मोडून घेतलेल्या होत्या. "अगंबाई, मी अजून भिंतीला धरूनच जाते की!" एवढेच म्हणाल्या.

एक प्रश्न उरला होता. तो मी दुसऱ्या भेटीत, बाई एकट्या असताना विचारला: "या चक्करेची तुम्हांला नक्की भीती कशाची वाटते?" त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि ते सहा वर्षे अंथरुणावर होते. त्याची सुरुवात चक्करेनेच झाली होती. दोन वर्षांत, इतक्या डॉक्टरांत, हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. ‘टेन्शन आहे का?’ असे विचारले असते, तर त्यांनी ‘नाही’ म्हटले असते. तो प्रश्न आरोपासारखा लागतो.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने मान आणि नजर फिरवण्याचे, चालण्याचे व्यायाम शिकवले. माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राने भोंगा शांत करणारे औषध छोट्या मात्रेत दिले. पाठवताना मी बजावले होते, "मी तुम्हांला तिकडे टोलवत नाही. दर दुसऱ्या गुरुवारी चार वाजता इथं यायचंच, बरं वाटत असलं तरी." पाच महिन्यांनी त्या कामावर रुजू झाल्या. पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. दादरचा पूल गर्दीच्या वेळी त्या अजून कठडा धरूनच ओलांडतात. पण ओलांडतात.

ही ‘बरं वाटत असलं तरी’ची युक्ती माझी नव्हे. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड स्मिथ यांनी असंख्य तक्रारींनी त्रस्त अशा रुग्णांच्या डॉक्टरांना एक पत्र पाठवले. रुग्णाला ठरावीक दिवशी बोलवा, दर खेपेला थोडे तपासा, गरज नसता चाचण्या आणि शस्त्रक्रिया टाळा, ‘सगळं तुमच्या डोक्यात आहे’ असे म्हणू नका. एवढ्या एका पत्राने त्या रुग्णांचा उपचारांचा खर्च निम्म्याहून खाली आला. दुखले तरच डॉक्टर भेटणार असेल, तर डॉक्टर भेटण्यासाठी दुखत राहावे लागते. तारीख ठरलेली असली, की दुखण्याला ते काम उरत नाही.

आमची डॉक्टर मंडळी म्हणतात, की रुग्णच चाचण्यांचा हट्ट धरतात. काही धरतात, हे खरे. पण इंग्लंडमध्ये अशा भेटींचे ध्वनिमुद्रण करून २००४ साली जे पाहिले गेले, त्यात चाचणी, औषध किंवा तज्ज्ञाचे नाव पुढे करण्यात रुग्णांपेक्षा डॉक्टरच आघाडीवर होते. रुग्ण आपल्या अडचणींच्या खुणा बोलण्यात पेरत होते आणि डॉक्टर पॅड ओढून लिहू लागत होते. वेळ नाही, हे कारण मात्र खोटे नाही. २०१७ साली सदुसष्ट देशांतल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा स्वीडनमध्ये डॉक्टरची भेट सरासरी साडेबावीस मिनिटांची निघाली आणि जगातली निम्मी माणसे जिथे राहतात, अशा अठरा देशांत पाच मिनिटांची किंवा त्याहून कमी. भारत त्या अठरांत आहे. बाहेर तीस माणसे खोळंबली असताना मीही सगळ्यांना पाच मिनिटे बोलू देऊ शकत नाही. म्हणून अशा रुग्णांना दुपारची, गर्दी नसलेली वेळ देतो. फी तीच. हिशेबात हा धंदा आतबट्ट्याचा आहे, हे माझी पत्नी अधूनमधून लक्षात आणून देते.

ठरलेल्या भेटींचा आणखी एक उपयोग असतो. एक निवृत्त शिक्षक दहा वर्षे दरमहा माझ्याकडे येतात. पोटात वारा फिरतो, ही त्यांची कायमची तक्रार. घरच्यांनी ती ऐकणे केव्हाच सोडले होते. तीन वर्षांपूर्वी ते म्हणाले, "डॉक्टर, वारा नेहमीचाच, पण पट्टा एक भोक आत घ्यावा लागतोय." मी त्याच आठवड्यात तपासण्या करवल्या. मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला, वेळेवर शस्त्रक्रिया झाली. सात वर्षे वारा ऐकला होता, म्हणून पट्ट्याचे भोक ऐकू आले.

घरच्यांनीही एवढे लक्षात ठेवावे. वजन घटणे, ताप रेंगाळणे, कुठूनही रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हातापायात नव्याने आलेला लुळेपणा यांना ‘नेहमीचंच’ म्हणू नये. बाकी वेळी दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवी चाचणी करण्यापेक्षा एकच डॉक्टर धरावा आणि पिशवी त्याच्याकडेच उघडावी. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: काय नाही हे कळलं, पण काय असू शकतं? आम्ही घरी काय करायचं? आणि पुन्हा कधी यायचं? तिसऱ्या प्रश्नाला "आता यायची गरज नाही" असे उत्तर आले, तर त्याचे आभार मानावेत आणि दुसरा डॉक्टर शोधावा.